पाण्याचा ताळेबंद

इस्रायलमध्ये ‘मोशाव’ नावाची सहकारी खेडी आहेत. शेत ज्याचे त्याचे, पण खरेदी-विक्री सगळ्यांची मिळून. १९२१ साली वसलेले नहलाल हे त्यांतले आद्य गाव. त्याच्याविषयी वाचताना मला आमच्या भिंगारहून सहज जाऊन येण्याजोगे हिवरे बाजार आठवले. आणि माझी जुनी चूकही.

बँकेत असताना मी एका शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज मंजूर केले. पुढच्या वर्षी त्याच्या शेजाऱ्यालाही दिले. दोन विहिरींमधले अंतर नियमात बसत होते, कागदपत्रे चोख होती. शेजाऱ्याची विहीर जास्त खोल गेली, म्हणून पहिल्याने आपली आणखी उतरवली. तीन उन्हाळ्यांत दोन्ही विहिरी आटल्या, दोन्ही खाती थकली. वसुलीला गेलो, तेव्हा पहिला शांतपणे म्हणाला, “सायेब, पानी एकच व्हतं. कर्ज मातर तुमी दोनदा दिलं.”

हिवरे बाजारला हे वेळेवर उमगले. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव विस्कटले होते. माणसे कामासाठी बाहेर पडत होती. १९८९ साली एम. कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानातून आणि आदर्श गाव योजनेतून डोंगरावर चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली.

पण पाणी अडवणे पुष्कळांना जमते. अडवलेले पाणी पुरवून वापरणे अवघड. गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरवले. ऊस आणि केळीही नको म्हटले. ज्या जिल्ह्यात १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस म्हणजे प्रतिष्ठा झाली, तिथे हा निर्णय सोपा नव्हता. पाऊस मोजायचा, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, उरेल ते पिकांचे. पाऊस कमी झाला, तर पीकही कमी पाण्याचे. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात बाहेर गेलेली कुटुंबे परतली. २०२० साली पोपटरावांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

आम्ही सहकार म्हणजे भागभांडवल आणि कर्जवाटप समजत आलो. हिवरे बाजारने त्यात आणखी एक गोष्ट घातली : माझ्या विहिरीतले पाणी शेजाऱ्याच्या हिशेबातही धरायचे. आमच्या कर्जाच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता. असता, तर निदान एक विहीर वाचली असती.