सुया टोचल्या म्हणजे भूल दिली असं होत नाही

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘चीनमध्ये भूल देतच नाहीत. चार सुया टोचतात आणि पोट उघडतात, पेशंट जागा असतो.’ चांगली शिकली-सवरलेली माणसं हे छातीठोकपणे सांगतात आणि भुलीला आधीच घाबरलेला पेशंट ते मनावर घेतो. म्हणून ही गोष्ट एकदा नीट पाहायला हवी.

जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये होते. तिथे त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला आणि तिथल्याच हॉस्पिटलात ऑपरेशन करावं लागलं. ते सुयांवर झालं, असं पुढे जगभर पसरलं. प्रत्यक्षात २६ जुलैला छापून आलेल्या लेखात रेस्टन यांनी स्वच्छ लिहिलं आहे की भूल नेहमीच्या औषधांची, इंजेक्शननेच दिली होती. सुया आल्या त्या ऑपरेशन उरकल्यावर. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि एक जळती वनस्पती पोटाजवळ धरून शेक दिला. या शेकाला मोक्सा म्हणतात. त्याची वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. तासाभरात त्यांना आराम पडला. मूळ हकिगत एवढीच आहे!

सुया लावून ऑपरेशन करण्याचे प्रयोग चीनमध्ये १९५८ पासून झाले, हे खरं. सत्तरच्या दशकात परदेशी डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवलेही जात. पण त्यासाठी पेशंट निवडून घेत आणि सुयांच्या जोडीला गुंगीची किंवा जागा बधिर करणारी औषधंही असत. २००६ मध्ये बीबीसीने शांघायमधलं हृदयाचं एक ऑपरेशन असंच दाखवलं. त्या पेशंटला मिडाझोलाम, ड्रोपेरिडॉल आणि फेंटानिल दिलं होतं, शिवाय छातीत बधिरतेची इंजेक्शनं. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र आहे. एवढं सगळं दिल्यावर श्रेय सुयांना कसं देता येईल?

मग सुयांचा उपयोग काय? जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ पेशंटांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरच्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचण्याचा उपचार, घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता. औषधं, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पण ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुया टोचलेल्या तिसऱ्या गटातही ४४.२ टक्के लोकांना फरक पडलाच. म्हणजे आराम खरा आहे, बिंदूंच्या नकाशाला मात्र त्यातून आधार मिळत नाही. कंबर दुखतेय आणि निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया घेऊन कुणी प्रशिक्षित माणूस उपचार करतोय, तर जरूर घ्या. पोट उघडण्याची वेदना ही वेगळी गोष्ट आहे.

चिनी उपचारांबद्दलचे बाकीचे गैरसमज थोडक्यात. कपिंगचे, म्हणजे कातडीवर पेले चिकटवून ओढ देण्याच्या उपचाराचे, काळेनिळे डाग म्हणजे बाहेर आलेली विषद्रव्यं नव्हेत. ओढ बसून कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात, त्याचे ते वळ. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसले ते हेच. चिनी औषधाला नोबेल मिळालं, हेही अर्धंच खरं : चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना जुन्या ग्रंथात धागा सापडला, पण २०१५ चं नोबेल मिळालं ते वनस्पतीतून वेगळं काढून, तपासून सिद्ध केलेल्या मलेरियाच्या औषधासाठी.

आणि ‘झाडपाल्याचं औषध, अपाय कसला?’ हे तर कृपा करून कुणाला सांगू नका. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवणाऱ्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया आली आणि शंभरावर लोकांच्या किडन्या बिघडल्या. पुढे त्यांच्यातल्या अनेकांना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला.

तेव्हा ऑपरेशन ठरलं असेल तर भुलीची भीती भूलतज्ज्ञांपाशी मोकळेपणाने बोला. काढे, चूर्णं, जिनसेंगच्या गोळ्या, जे काही चालू असेल तेही त्यांना सांगा. त्यातल्या काहींमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होतो आणि हे त्यांना ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.