औषध मोफत, पण ताट रिकामे

क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरीही हातावर पोट असलेल्या माणसाला सहा महिन्यांचा उपचार पेलत नाही. दवाखान्यात जावे तर दिवसाची मजुरी बुडते. अंगात त्राण नसल्याने ओझे उचलवत नाही. कमाई घटली की पहिली काटछाट ताटातील डाळीवर होते. अर्धपोटी देह रोगाशी झुंजू शकत नाही, आणि एका खोलीत दाटीने राहणाऱ्या घरात रोग दुसऱ्यालाही गाठतो. व्याजावर व्याज चढत जावे, तसे हे आहे.

मात्र हे चक्र तोडता येते. झारखंडमध्ये २०१९ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात काही कुटुंबांत केवळ रुग्णाला, तर काही कुटुंबांत घरच्यांनाही शिधा देण्यात आला : प्रौढ माणसामागे दरमहा ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरच्यांनाही शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

तांदूळ आणि डाळ तर आपल्याच गोदामात आहे. तेथे पोती वाहणारा हमाल दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असेल, तर त्याला तपासणीला पाठवावे, त्या दिवसाची मजुरी कापू नये, आणि उपचार संपेपर्यंत त्याच्या घरचा शिधा आपल्या खात्यावर मांडावा.