तार गप्प झाल्याचं कळतं कसं?

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यात एखाद्या दुकानदाराने दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, तर एक बंद पडल्याचं राउटरला कोण सांगतं? तार दारातच तुटली तर सिग्नल लगेच जातो. पण ती शेकडो किलोमीटर पलीकडे तुटली तर दिवा हिरवाच राहतो, कंपनीचं जवळचं यंत्रही उत्तर देतं. पुढे मात्र काहीच जात नाही. आणि तुटल्याचा निरोप यायचा, तो त्याच तुटलेल्या वाटेने!

म्हणून राउटर दूरच्या एकदोन सर्व्हरना दर काही सेकंदांनी हाक देत राहतो. एखादी हाक वाया गेली तर तो हलत नाही, पॅकेटं अशीही हरवतात. ओळीने काही हाकांना ओ आली नाही, की तो दुसरी लाइन धरतो. फक्त यात दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, म्हणून चालू असलेला व्हिडिओ कॉल बहुधा तुटतो.

मोठ्या नेटवर्कांचा पत्ता मात्र तोच राहतो, बदलते ती त्याच्याकडे येणारी वाट. हे काम बीजीपी हा प्रोटोकॉल करतो. 1989 मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्तर यांनी त्याचा पहिला आराखडा जेवताना कागदी नॅपकिनांवर काढला. शेजारी राउटर एकमेकांना ‘मी आहे’ एवढंच कळवत राहतात. ठरलेल्या मुदतीत (बीजीपीच्या मानकात सुचवलेली 90 सेकंदांची) काही ऐकू आलं नाही, तर त्या शेजाऱ्याकडच्या सगळ्या वाटा रद्द. ही बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात जगभर पोचते, आणि हुकूम सोडणारं मुख्य कार्यालय कुठेच नाही! हे पाहून मला थक्क व्हायला होतं. 90 सेकंद जिथे फार वाटतात तिथे बीएफडी हा दुसरा प्रोटोकॉल हीच विचारपूस मिलिसेकंदांत करतो.

पण दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा नव्हेत. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले, ते दुपारी 3:45 ला सुरू झाले. बाजाराकडे दोन कंपन्यांचे दुवे होते. दोन्ही डळमळले, त्यात जोखीम तपासणारी यंत्रणा अडकली. बाजाराने नंतर कारण सांगितलं: आपल्या दोन केंद्रांमधल्या रस्त्यावरचं खोदकाम.

दुसरी लाइन घेताना वेगाआधी विचारावं, तुमची फायबर कोणत्या रस्त्याने येते? मोबाइलच्या टॉवरबद्दलही विचारावं. त्यालाही पुष्कळदा फायबरच जाते, कधी त्याच चरातून.