बारा आठवड्यांची साडेसाती

पुण्यात आजकाल एखादा प्राध्यापक सायकलवरून कॉलेजात गेला, की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत प्रत्येक जण विचारतो, "काय सर, गाडी दुरुस्तीला टाकली वाटतं?" ज्या शहराची ओळखच एके काळी सायकलींचे शहर अशी होती, तिथे सायकलस्वाराला आज स्वतःबद्दल खुलासा द्यावा लागतो, हा काळाचा महिमा! मी तो खुलासा गेली आठ वर्षे हसतमुखाने देत आलो आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी पोट दिसू लागले म्हणून मी सायकल घेतली, आणि पोट फारसे कमी झाले नाही तरी सायकल मात्र जडली. रविवारी पहाटे आम्ही पाचसहा जण निघतो. कधी सिंहगडाचा पायथा, कधी कात्रजचा घाट, कधी बोपदेव घाट चढून सासवड. आमच्यापैकी कोणीही शर्यतीत धावणारा नाही. सासवडला मिसळ खाऊन नऊच्या आत घरी पोहोचायचे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा.

गेल्या वर्षीच्या जुलैतला असाच एक रविवार. रात्रभर पाऊस पडून गेला होता. सासवडहून परतताना बोपदेवचा उतार लागला. एका वळणावर पाण्याने वाहून आणलेली बारीक खडी पसरली होती. ती मला दिसली. पण दिसली तेव्हा मी वळणात होतो. दचकून मी पुढचा ब्रेक दाबला. ओल्या खडीवर, ऐन वळणात पुढचा ब्रेक दाबू नये, वेग वळणाच्या आधीच कमी करावा, हे मी नव्या मंडळींना नेहमी बजावून सांगतो. पण सांगणे निराळे आणि हात आवरणे निराळे. पुढचे चाक निसटले आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो. कानाशी काडकन् आवाज झाला. फांदी मोडली असेल, असे वाटले. पण तिथे झाड नव्हते.

रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले. छातीच्या हाडापासून खांद्यापर्यंत जाणारे आडवे हाड, ज्याला सगळे जण कॉलरबोन म्हणतात, ते मधोमध मोडले होते. संस्कृतात त्याला 'जत्रु' म्हणतात. वाल्मीकींनी रामाच्या वर्णनात त्याला 'गूढजत्रु' म्हटले आहे. म्हणजे ज्याचे हे हाड भरदार स्नायूंखाली झाकलेले आहे असा. माझे जत्रु मुळातच फारसे गूढ नव्हते. आता तर त्याचे एक टोक कातडीखालून सरळ डोकावू लागले होते. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, दुखत असतानाही तुम्ही शिकवताय!"

मग त्यांनी मला शिकवले. हातापासून धडापर्यंत हाडांचा म्हणून जो सांधा जुळतो, तो या एकाच हाडाच्या आधाराने. बाकी खांदा सगळा स्नायूंनी तोललेला. माणूस खांद्यावर पडला, की सगळा आघात या लहानशा, वळणदार हाडावर येतो, आणि मधला भाग सर्वांत कच्चा असल्यामुळे ते बहुधा तिथेच मोडते. सायकलवाल्यांचे तर हे नेहमीचे दुखणे. तुकडे फार दूर सरकले असतील किंवा कातडी फाटण्याची भीती असेल, तर शस्त्रक्रिया करून पट्टी बसवतात. माझ्यावर ती पाळी आली नाही. "झोळीत हात ठेवा. हाड आपलं आपण सांधेल. साधारण बारा आठवडे धरा," त्या म्हणाल्या.

बारा आठवडे! एक अख्खे सत्र! साडेसाती साडेसात वर्षांची असते म्हणतात. मला ती बारा आठवड्यांत सगळी भोगायची होती.

झोळीतले दिवस

उजवा हात गळ्यात अडकल्यावर माणसाला कळते, की आपण दिवसभरात केवढी कामे करत होतो. दाढी, पंचा पिळणे, टूथपेस्टचे टोपण उघडणे, भाकरीचा तुकडा मोडणे, फळ्यावर लिहिणे. आडवे झोपता येत नसे. पाठीशी लोड आणि तक्के लावून, एखाद्या संस्थानिकासारखा बसूनच मी रात्री काढल्या. फक्त संस्थानिकाला झोप लागत असावी.

भेटायला येणाऱ्यांनी उपचारांचा पाऊस पाडला. कोणी आंबेहळदीचा लेप सांगितला, कोणी हाडवैद्याचा पत्ता दिला, कोणी 'पायाचं सूप' सुचवले आणि आम्ही शाकाहारी असल्याचे आठवून जीभ चावली. डॉक्टरीणबाईंची यादी फार साधी होती. दूध, डाळी, कडधान्ये पोटभर खा, उन्हात बसा, तंबाखूला शिवू नका, कारण तिच्यामुळे हाड सांधायला उशीर लागतो. आणि बोटे, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहा. खांदा जपायचा म्हणून सगळा हातच निजवून ठेवला, तर हाड जुळते आणि सांधा आखडून बसतो.

सौ. सकाळी आठला बँकेत जायला निघे, कन्या तिच्या आधीच कॉलेजात. तेव्हा मला सदरा घालण्याचे काम आमच्या अण्णांकडे आले. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे वय तेव्हा शहात्तर. आधी दुखरा हात बाहीत, मग डोके, मग चांगला हात, हा क्रम त्यांनी एकदा पाहून पाठ केला. मग थरथरत्या बोटांनी ते एकेक बटण लावत. हे काम त्यांनी यापूर्वी केले, तेव्हा मी पहिलीत असेन. आम्ही दोघेही त्या वेळी खिडकीबाहेर पाहत असू.

त्यानंतर आम्ही दोघे सारसबागेपर्यंत पायी जात असू. हीही डॉक्टरीणबाईंचीच आज्ञा. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर असतो, त्यामुळे फुप्फुसे आणि हृदय बळकट झाले तरी हाडांना त्याचा मोठासा फायदा होत नाही. हाडे घट्ट व्हायला भार लागतो. चालणे, जिने चढणे लागते. हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलत जाते, हा सिद्धान्त यूलियस व्होल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. आठ वर्षे सायकल चालवून आपण सर्वांगाने मजबूत झालो, या माझ्या समजुतीला असा दुसरा तडा गेला.

पाचवा आठवडा

या दुखण्यात सर्वांत घातकी असतो तो पाचवा आठवडा. तेव्हा दुखायचे थांबते.

मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते. दोनतीन आठवड्यांत त्याच्या जागी मऊ, कुर्चेसारखा सांधा तयार होतो. तो दोन्ही टोकांना धरून ठेवतो, म्हणून वेदना थांबतात. पण त्याचे टणक हाड व्हायला आणखी कितीतरी आठवडे जावे लागतात. वेदना गेली म्हणजे बरे झालो, असे मनाला वाटते आणि मन घाई करते. मी तर त्या दिवसांत परदेशी सायकलपटूंच्या कथा वाचून नको तितका पेटलो होतो. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा १९८६ मध्ये 'टूर द फ्रान्स' जिंकला आणि १९८७ मध्ये शिकारीच्या वेळी चुकून सुटलेल्या गोळीबाराने मरता मरता वाचला. अंगात छर्रे राहिले असताना १९८९ मध्ये त्याने ती शर्यत पुन्हा जिंकली. सुमारे ३,३०० किलोमीटरच्या शर्यतीत तो अवघ्या ८ सेकंदांनी पुढे होता! हे वाचून मी एका दुपारी उठलो, भिंतीवरची सायकल डाव्या हाताने खाली घेतली, तिच्यावर बसलो आणि उजवा हात ब्रेककडे नेला.

खांद्यातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागे वळून पाहिले तर दारात अण्णा उभे. ते काही बोलले नाहीत. त्यांनी सायकल धरली, मला उतरवले आणि ती पुन्हा भिंतीला लावली.

संध्याकाळी सौ.ला ते कळलेच. "अहो, आता पुरे झालं! विकून टाका ती सायकल," ती म्हणाली. "या वयात पुन्हा पडलात तर? आम्ही काय करायचं?"

मी चिडून उत्तर द्यायला तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. कारण हेच शब्द, याच खोलीत, मी उच्चारले होते. पाच वर्षांपूर्वी.

अण्णांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षे नोकरी केली. सदाशिव पेठेतून खडकीला ते सायकलवरून जात आणि सायकलवरूनच परत येत. निवृत्तीनंतरही दूध, भाजी, वाचनालय, सगळे त्या काळ्या सायकलवर. एकाहत्तराव्या वर्षी ते दुधाच्या केंद्रापाशी घसरून पडले. कोपर खरचटले, एवढेच. पण मी म्हणालो, "अण्णा, आता पुरे. पुन्हा पडलात तर आम्ही काय करायचं?" आणि पुढच्याच रविवारी ती सायकल मी भंगारवाल्याला दिली. त्याने ती काट्याला लटकवून वजनावर घेतली. अण्णा तेव्हा आत पेपर वाचत होते. मी त्यांना विचारले नव्हते. त्यानंतर त्यांचे वाचनालय बंद पडले आणि बोलणेही कमी झाले. आम्ही म्हणत राहिलो, वय झाले.

सौ.च्या बोलण्यावर अण्णाच आधी बोलले. "सूनबाई, विकू नका," ते म्हणाले. "आधी तो बरा होऊ दे. मग चालवायची की नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे."

आवाजात कसलाही टोमणा नव्हता. असता, तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री तक्क्याला टेकून मी लेमाँडचा पुन्हा विचार केला. आपण त्याचे आठ सेकंद लक्षात ठेवतो आणि मधली दोन वर्षे विसरतो. पहिल्या वर्षी तो मागे पडत होता. दुखण्यातून उठणे म्हणजे ती दोन वर्षे.

पुन्हा घाटात

सहाव्या आठवड्यातल्या चित्रात मोडलेल्या जागेभोवती पांढुरका ढग दिसला. नवे हाड धरत होते. झोळी सुटली. कमरेतून वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, मग बोटांनी भिंतीवर चढत वर न्यायचा, असे व्यायाम सुरू झाले. पहिल्या दिवशी बोटे खिडकीच्या चौकटीपर्यंतही पोहोचली नाहीत. अण्णा पेन्सिलीने भिंतीवर रोजची खूण करत. कन्येची उंची मोजत तशी.

सातव्या आठवड्यात एका स्नेह्याच्या गच्चीत धूळ खात पडलेली व्यायामाची सायकल आणली आणि आमच्या गॅलरीत मांडली. ताठ बसायचे, हातावर भार द्यायचा नाही, अशा अटीवर परवानगी मिळाली होती. पाच मिनिटांत धाप लागली. पण पाय फिरत होते, हे काय थोडे?

तेराव्या आठवड्यात, नवरात्राच्या सुमारास, मी रस्त्यावर आलो. शिरस्त्राण नवे घेतले होते. एकदा जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते, म्हणून ते पुन्हा वापरू नये. सायकलचा पुढचा चिमटा आणि हँडलही तपासून घेतले होते. चढ जमला. पण बोपदेवचा उतार लागला आणि माझी बोटे ब्रेकवर अशी आवळली, की सुटेनात. हाड सांधले होते. भीती तशीच होती, आणि तिचे चित्र निघत नाही. त्या वळणाआधी मी उतरलो आणि सायकल हातात धरून चालत गेलो. बरोबरची तरुण मंडळी काही न बोलता माझ्या मागून चालत आली. पुढच्या रविवारीही मी उतरलो. तिसऱ्या रविवारी उतरलो नाही. वळणाआधीच वेग इतका कमी केला, की एक म्हैस माझ्या पुढे गेली असती. पण बसून पार केले.

आज माझ्या जत्रूवर सुपारीएवढा उंचवटा आहे. तो राहणारच, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पावसाळी हवेत तो आपली आठवण करून देतो.

ती व्यायामाची सायकल स्नेह्याला परत करायची राहून गेली आहे. माझे काम संपल्यावर एका सकाळी गॅलरीतून घंटीचा आवाज आला. जाऊन पाहतो तो अण्णा सायकलवर बसलेले, आणि हँडलला त्यांच्या जुन्या सायकलची घंटी. भंगारवाला येण्याआधी त्यांनी ती काढून ठेवली होती. पाच वर्षे ती त्यांच्या कपाटात होती आणि मला पत्ता नव्हता. त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतले. रोज वीस मिनिटे त्यांनी मान्य केली.

"कुठवर गेलात आज?" मी विचारतो.

"संगम पुलापर्यंत," अण्णा सांगतात. "वारा उलटा होता."

रस्त्यावर सायकल चालवायची की नाही, हे या खेपेस मी त्यांना सांगितलेले नाही, विचारले आहे. ते म्हणाले, "बघू. थंडी सरू दे. मग ठरवीन."