कसाऱ्याच्या डोंगरात ई-पीक पाहणी: रेंज नसली तरी नोंद करा

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. कसारा परिसरात अनेक खाचरांत रेंज नसते आणि भात, नाचणी, वरईची नोंद राहून जाते. सातबाऱ्यावर पीक नसेल, तर हमीभावाने भात विकताना व नुकसानभरपाई मागताना अडचण येते.

यासाठी पुढील काळजी घ्या:

- ॲपमधील खातेदार नोंदणी रेंज असलेल्या ठिकाणी आधीच पूर्ण करा.
- शेतात जीपीएस सुरू ठेवा. त्याला रेंज नव्हे, मोकळे आकाश लागते. झाडाखाली उभे राहू नका.
- फोटो त्याच गटातील उभ्या पिकाचा घ्या. पावसात आधी कॅमेऱ्याची काच पुसा.
- रेंजमध्ये येताच माहिती अपलोड करा. फोटो काढला म्हणजे नोंद झाली, असे समजू नका.

शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका.