सूर तारेत असतो का?

भुकेल्यांसाठी बादशाही कोठार खुलं करणारे दामाजीपंत आमच्या मंगळवेढ्याचे. कान्होपात्रा इथली, चोखोबांनी देह ठेवला तोही इथंच. शिवाय काळ्या रानातली मालदांडी ज्वारी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा गावात राहून मी जवळजवळ दोन क्विंटल ज्वारीचे पैसे वायरीत घातले, तेही स्टिरिओच्या दोन स्पीकरच्या वायरीत! सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलेलं बरं.

आमच्या आण्णांचं वय ब्याऐंशी. पहाटे उठून अभंग ऐकायचे, मग चहा, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. गेल्या दिवाळीनंतर मात्र ते रोज एकच तक्रार करू लागले. "गाणं पूर्वीसारखं भरून येत नाही रे. तबला आहे, पण डग्गा कुठं गेला?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. या वयात कान थकायचेच, असं मनाशी धरून सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचंही ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात पुण्याला जाणं झालं. तिथल्या एका दुकानदारानं माझी कहाणी ऐकून निदान केलं, "साहेब, सेट उत्तम आहे. वायर साधी आहे." त्यानं अंगठ्याएवढी जाड, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली केबल काढली. तांबंसुद्धा म्हणे खास शुद्ध केलेलं. किंमत सात हजार. घासाघीस न करता मी ती घेऊन आलो.

घरी येऊन केबल जोडली, अभंग लावला. आण्णांनी डोळे मिटले आणि दोनच मिनिटांत म्हणाले, "आला की डग्गा!" मलाही आवाज भरदार वाटला. मी विजयी मुद्रेनं सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "वायर एवढी गात असेल, तर खांबावरच्या तारांनाही भजनी मंडळात घ्या."

खरी परीक्षा घेतली ती मुलीनं. ती इंजिनिअरिंगला आहे. तिनं सेटसमोर चादर बांधली आणि आम्हा दोघांना अलीकडे बसवलं. दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर नवी केबल, काटा आला तर जुनी वायर. आवाजाचं बटण हलवायचं नाही आणि कोणती वायर लावली ते बोलायचं नाही. सोळा फेऱ्या झाल्या. माझी नऊ उत्तरं बरोबर आली, आण्णांची आठ. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती.

अमेरिकेतही असंच घडलं होतं. 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकात १९८३ साली लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशाच एका चाचणीची हकिकत लिहिली. फार बारीक तारेचा फरक श्रोत्यांना कळू शकला. पण पुरेशी जाड साधी वायर आणि महागडी केबल यांतला भेद गाणं ऐकताना कुणाला खात्रीनं सांगता आला नाही.

यामागचं गणित सोपं आहे. तार विजेला थोडा विरोध करते. हा विरोध ओहममध्ये मोजतात. एक एमएमच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते, म्हणजे ०.१७ ओहम. स्पीकर आठ ओहमचा, म्हणजे हा विरोध त्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पाच टक्क्यांच्या आत असला की भागतं, असा ढोबळ नियम आहे. केसासारखी बारीक वायर लांबवर नेली, तर मात्र आवाज उतरतो. स्पीकरचा विरोध सुरागणिक बदलत असल्यानं खर्ज आणि वरचे सूर यांचा तोलही ढळतो. शुद्ध तांब्याचा फायदा जेमतेम एखादा टक्का. आणि सोनं? वीज वाहण्यात ते तांब्याच्या मागेच आहे. त्याचा गुण एवढाच, की ते गंजत नाही.

मग पहिल्या दिवशी आम्हाला फरक जाणवला तो कसा? नुसता भास?

सोळा फेऱ्यांनंतर मुलीनं आम्हाला न सांगता आणखी एक फेरी घेतली. गाणं सुरू होताच आण्णा ताडकन म्हणाले, "हं, हेच ते! दिवाळीपासूनचं पोकळ गाणं!" मुलगी चादरीआडून हसत बाहेर आली. तिनं एका स्पीकरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडल्या होत्या.

असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. डग्गा हरवतो. समोर मधोमध बसल्यासारखा वाटणारा गवई खोलीभर विखुरतो.

मग आठवलं. दिवाळीच्या रंगकामात मीच सेट सोडवला होता आणि घाईत परत जोडला होता. नव्या केबलवर लाल खूण ठळक होती, म्हणून ती बरोबर जोडली गेली. फरक खरा होता, त्याचं श्रेय मात्र मी सात हजारांना देऊन मोकळा झालो होतो.

वाचकहो, तुमचा सेट रुसला तर आधी हे करा. तो बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारा लालला लाल, काळ्याला काळी आहेत ना, ते पाहा. काळवंडलेली टोकं छाटून नवी सोला, पेच घट्ट करा. विजेच्या दुकानात मिळणारी एक किंवा दीड एमएमची लवचीक वायर घरच्या खोलीला पुरते. गुणगुण येत असेल, तर अँप्लिफायरला येणाऱ्या वायरी विजेच्या वायरींपासून दूर ठेवा.

आमच्या सेटला आता जुनीच वायर आहे. महागडी केबल कपाटात पडून आहे, तिच्यावर कपडे वाळत घालायची परवानगी सौ. अधूनमधून मागते. डॉक्टरांकडे जाणं रद्द झालं. काल पहाटे मी आण्णांशेजारी बसून अभंग ऐकला आणि म्हणालो, "आण्णा, चुकलं माझं. तुमचे कान ठणठणीत आहेत."

डोळे न उघडता ते म्हणाले, "मी दिवाळीपासून सांगतोय. ऐकत कोण होतं?"