बेलफळ, पेरूचा पाला आणि औषधाला न जुमानणारे जंतू

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर बेलाच्या पानांचे ढीग लागतात. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन देवळात पान पिंडीवर चढते. झाडावरच्या कच्च्या फळाकडे कुणी वळूनही बघत नाही. जंतूंच्या बाबतीत मात्र काम त्या फळाचे आहे.

आधी रोगाचे बोलू. उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पात संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर उभे राहा. ‘सर्दी आहे, अझी पाचशे द्या, तीनच गोळ्या’ हे वाक्य कानावर पडतेच. अझी म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. पाकिटावरची लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका ही सूचना, सगळ्यांना दिसते. सर्दी विषाणूची असते, तिला ही गोळी लागू पडत नाही. पोटातल्या निरुपद्रवी जंतूंपैकी तिला दाद न देणारे तेवढे मात्र मागे उरून वाढतात आणि प्रतिकाराची जनुके ते रोगजंतूंनाही देऊ शकतात. त्यात ताहुलीच्या डोंगरातून निघालेली वालधुनी नदी अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडेपर्यंत घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेते. मैला, औषधांचे अंश आणि जड धातू एकत्र आले की अशी जनुके टिकायला आणि पसरायला वाव मिळतो. २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषध-प्रतिकारी जंतूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये छापला.

मग वनस्पती आहेत की, असे आपण लगेच म्हणतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग हमखास होतो: पाल्याचा अल्कोहोलमधला अर्क कागदाच्या चकतीवर टाकायचा, चकती जंतू पेरलेल्या बशीत ठेवायची आणि भोवती पडलेले स्वच्छ वर्तुळ मोजायचे. शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवली नसेल, तर ते वर्तुळ पाल्याचे की अल्कोहोलचे, देव जाणे. शिवाय बशीत चालणारी मात्रा रक्तात पोचेल याची काही खात्री नसते. हळदीतले कर्क्युमिन तर आतड्यातून जेमतेमच शोषले जाते. त्यामुळे ‘हळद अँटिबायोटिकपेक्षा भारी’ छापाच्या बातम्या मी वाचायच्या सोडल्या आहेत.

खरी गंमत वरळीत झाली. डॉ. नोशीर अंतिया यांनी उभ्या केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. तन्नाझ बिर्डी आणि सहकाऱ्यांनी जुलाबावरची घरगुती औषधे तपासली. कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचा त्यांचा निबंध २००९ चा. तपासलेल्या सहा जंतूंपैकी एकही त्या काढ्याने मेला नाही. बहुतेकांनी इथेच वही मिटली असती. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जंतू जिवंत असेल, पण आजार करू शकतो का? काचेत वाढवलेल्या मानवी पेशींवर जंतू सोडले, तर काढ्याच्या सान्निध्यात ते पेशींना चिकटण्याचे आणि आत घुसण्याचे प्रमाण बरेच घटले. पटकीचे विषही कमी तयार झाले आणि पेशीवरच्या ज्या रेणूला ते धरते, तिथली त्याची पकड सैल पडली. पेरूच्या पानांवरचा २०१० चा निबंध याच वाटेने गेला. त्या काढ्याने पटकीचे आणि शिगेलाचे जंतू मारलेही. जंतूला न मारता नुसता आजार अडवणाऱ्या औषधाचा मोठा फायदा असा मानला जातो, की जंतू मरतच नसेल तर प्रतिकार करणाऱ्यांनाच वेचून वाढवण्याचा दबाव कमी पडतो.

दुसरी वाट पंपांची. प्रतिकारी जंतूंच्या आवरणात पंप असतात, आत आलेले औषध ते बाहेर फेकतात. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बेरीन हे जंतुनाशक असते, पण एकटे ते फार दुबळे. २००० साली अमेरिकेत स्टर्मिट्झ आणि लुइस यांच्या गटाने दाखवले, की त्याच कुळातल्या काही झाडांत पंप बंद पाडणारे दुसरे रसायनही असते. झाडाने जोडगोळी कधीच बनवली होती. मिरी-पिंपळीतले पायपरीन असेच सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला साथ देते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले. बदलापूरच्या डोंगरात पावसाच्या तोंडावर पांढरा फुलणारा कुडा म्हणजे आपल्याकडे आवेवरचे औषध. त्याच्या सालीतल्या कोनेसीनने सूडोमोनास या जंतूचे पंप अडतात, असे थायलंडमधल्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळले.

पायपरीन दुधारी आहे. ते इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढवते. फिटच्या गोळ्या घेणाऱ्याने मिरी-पिंपळी असलेले त्रिकटूचे चूर्ण डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये. आणि यातले बहुतेक काम अजून काचेच्या बशीतच आहे, माणसांवरच्या चाचण्या थोड्या.

बेलफळाच्या त्याच निबंधात एक ओळ आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. जुलाब करणाऱ्या ई-कोलायची विषे दोन प्रकारची: एक उष्णतेने नासणारे, दुसरे उष्णतेला दाद न देणारे. दुसऱ्यावर बेलाचा काढा काहीच करू शकला नाही, आणि पेरूचाही नाही. पातळ जुलाब सुरू झाले की विष कुठले, हे घरी कळत नाही; म्हणून काढा उकळत ठेवला असला तरी ओआरएसचे पाकीट आधी फोडायचे, आणि शौचात रक्त दिसले तर थेट दवाखाना गाठायचा.